कुकरची रिंग आणि माणसांची ये-जा

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या काकांनी विचारलं, "कंपनी कसली?" मी म्हणालो, "रबराची." ते जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे खोडरबर?" मी कुकरच्या झाकणातल्या काळ्या रिंगबद्दल सांगायला लागलो, तर काकूंनी आतून, तो आमच्याच कंपनीचा समजून, कुकरची तक्रार आणली. कुकर आमचा नसतो, रिंग तेवढी आमची असते, हे त्यांना पटवेपर्यंत पोहे गार झाले. लग्न मात्र झालं. पुढची कितीतरी वर्षं मी कुणाकडे जेवायला गेलो की स्वयंपाकघरात डोकावून कुकरची रिंग बोटानं दाबून बघायचो. बायकोनं अखेर पाहुण्यांसमोर हात धरून मला बाहेर आणायला सुरुवात केली.

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजायला सोपा आहे. कच्चं रबर पिवळट तपकिरी, चिकट गठ्ठ्यात येतं. ते दोन जाड लोखंडी रुळांमध्ये, म्हणजे मिलवर, मळायचं. मळताना काजळी, खडूची पूड, तेल, गंधक आणि चिमूट चिमूट चार रसायनं घालायची. मग साच्यात भरून गरम प्रेसखाली दाबायचं. गंधक आणि उष्णता मिळून रबराला पक्कं करतात. आम्ही त्याला 'शिजवणं' म्हणायचो. गंमत अशी, की चांगली रिंग आणि वाईट रिंग कारखान्यातून निघताना अगदी सारख्या दिसतात. फरक कळतो काही महिन्यांनी, कुणाच्या तरी घरी, वरण शिजत असताना.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात लागलो, त्याचे मालक होते देवधर साहेब. स्वतः इंजिनिअर, शिस्तीचे, पांढऱ्या शर्टावर काजळीचा डाग पडू न देणारे. त्यांनी एका शेडमधून कारखाना उभा केला होता आणि रबराची रेसिपी स्वतः रात्रंदिवस खपून बसवली होती. त्यामुळे ती कुणी पळवेल अशी त्यांना कायम धास्ती. वजनाच्या खोलीला कुलूप, किल्ली साहेबांकडे. रसायनांच्या डब्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. मिलवरच्या माणसाला "चार नंबर एवढं, सात नंबर तेवढं" एवढंच कळायचं. मी रबराचं शिक्षण घेतलेला, टेस्टिंगचा प्रमुख. तरी सात नंबरच्या डब्यात काय आहे हे मी वासावरून ओळखलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक नियम होता. वसाहतीतल्या मालकांनी आपापसात ठरवलं होतं, की एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत. देवधर साहेबांना त्याचा अभिमान होता. "आपल्याकडे माणूस येतो तो कोरा येतो आणि आपल्याच पद्धतीनं तयार होतो," असं ते म्हणायचे. ते खरंच होतं. आमची माणसं उत्तम तयार व्हायची. फक्त आमची रिंग मी लागलो तेव्हा जशी होती तशीच पाच-सहा वर्षांनीही होती.

आमच्या मिलवर दत्ता भोईर म्हणून फोरमन होता. बदलापूरच्या पलीकडच्या एका गावचा, घरची भातशेती, भाऊ शेती बघायचा आणि हा कारखान्यात. उंचापुरा, बोलायला मोकळा. मळताना रबराचा आवाज बदलला की हा गाठी फुटल्या का नाही ते सांगायचा. साहेबांनी त्याला शिकवलं होतं आणि तो शिकला होता. पण त्याला प्रश्न पडायचे. हे अमुक कमी करून बघू का, तमुक आधी घालू का. साहेब शांतपणे सांगायचे, "दत्ता, तू मिल बघ."

एक दिवस दत्तानं राजीनामा दिला. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये होतूमल नावाच्या सिंधी व्यापाऱ्यानं कुकरच्या रिंगा बनवायची शेड टाकली होती, तिकडे तो निघाला होता. मालकांचा आपापसातला करार वसाहतीपुरता. होतूमल कुठल्याच वसाहतीत नव्हता.

मी त्याला गेटबाहेर चहाला नेलं. "अरे, घरापासून आणखी लांब जातोयस. शेड कसली ती, पत्र्याचा डबा. का जातोस?"

"साहेब, इथं मना काय त्रास नाय," तो म्हणाला. "पण तो होतूमलशेठ पहिल्याच दिवशी बोलला, 'तेरे को क्या लगता है?' मना कुणी असं इचारलंच नव्हतं."

देवधर साहेबांनी त्याचा राजीनामा मंजूर केला आणि नंतर त्याचं नाव काढलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही, हीही आमच्याकडची पद्धत होती.

वर्षभर काही झालं नाही. होतूमलच्या रिंगा कॅम्प चार आणि पाचच्या भांड्यांच्या दुकानांत दिसायच्या; आम्ही हसायचो. मग एकाएकी आमच्या एका जुन्या कुकरवाल्या गिऱ्हाईकानं ऑर्डर निम्मी केली. त्यांचा खरेदी अधिकारी सज्जन माणूस, मला फोनवर म्हणाला, "सावंत, वाईट वाटून घेऊ नका. त्या होतूमलची रिंग तुमच्यापेक्षा जास्त दिवस मऊ राहते. आणि तुमच्याहून स्वस्त देतात ते."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर होतूमलच्या पाच-सहा रिंगा ठेवलेल्या होत्या. "ही आपलीच रेसिपी आहे," ते म्हणाले. "दत्तानं नेली. तपासा आणि मला लेखी द्या. वकिलांशी बोललोय. पोलिसात तक्रार करायची आहे."

रबर तपासणं म्हणजे काही जादू नसते. तुकडा जाळून राख मोजायची, कडकपणा बघायचा, गरम भट्टीत दिवसच्या दिवस ठेवून म्हातारं करायचं, तेलात बुडवून फुगतं का बघायचं. मी सगळं केलं, पुन्हा केलं. ती आमची रेसिपी नव्हती. खडू जास्त होता, काजळी वेगळ्या जातीची होती, आणि मुख्य म्हणजे गंधक अगदी कमी होतं. आमच्या रिंगेत गंधक भरपूर. त्यामुळे ती सुरुवातीला छान असायची आणि उष्णतेनं हळूहळू कडक व्हायची. यांनी गंधक कमी करून दुसरी रसायनं वाढवली होती. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आमच्याकडे करून बघायला मिळालं नव्हतं.

मी साहेबांना तसं सांगितलं.

"म्हणजे आपल्या रेसिपीत फेरफार करून केलीय," ते म्हणाले.

"नाही साहेब. पायाच वेगळा आहे. ही आपली नाही."

"तुम्ही तसं लिहून दिलंत तर तक्रार उभी राहणार नाही."

"मला कल्पना आहे."

"दत्ता तुमच्या मर्जीतला होता."

"होता. पण रिंग कुणाच्या मर्जीतली नाही."

हे बोलून गेलो आणि माझंच मला आश्चर्य वाटलं. घरी लहान मुलगी होती, आणि मला अंबरनाथ सोडून जायचं नव्हतं. पण दुसरी बाजूही डोळ्यांसमोर होती. चोरीची तक्रार झाली असती तर खरं-खोटं ठरायच्या आधी अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर, तिन्हीकडे दत्ताचं नाव झालं असतं. मग त्याला मिलजवळ कुणी उभं केलं नसतं.

साहेब बराच वेळ त्या रिंगा उलटसुलट करत होते. मग उठले. "चला. मला स्वतः बघायचंय."

कॅम्प चारमधल्या त्या गल्लीत साहेबांची गाडी शिरेना. एका बाजूला फर्निचरचं पॉलिश, दुसऱ्या बाजूला शिलाई मशिनांची रांग. आम्ही चालत गेलो. साहेबांनी नाव सांगताच होतूमल हात जोडून पुढे आला. साठीचा, बुटका, कपाळावर घाम. आम्ही भांडायला आलोय हे त्याला कळलं असणार, पण त्यानं आधी खुर्च्या पुसल्या आणि पापड नि पाणी मागवलं. सिंधी माणसाच्या दारात गेलं की आधी पापड आणि पाणी, मग बोलणं. देवधर साहेब सुटाबुटात पत्र्याच्या शेडमध्ये पापड खात बसले, हे दृश्य मी विसरलेलो नाही.

दत्तानं आम्हाला बघितलं. तो प्रेस सोडून आला, फडक्यानं हात पुसले आणि साहेबांना नमस्कार केला.

"हमारा आदमी आपने लिया," साहेब म्हणाले.

"लिया साईं," होतूमल म्हणाला. "वो चप्पल के कारखाने से भी एक बाई ली. और एक केमिस्ट लिया, गरम पानी की थैली बनाने वाली कंपनी से. मैं तो कपड़े का आदमी, मेरे को रबर में क्या समझता है? जिसको समझता है उसको बुलाता हूं."

"और वो कल चले गये तो?"

"जाएंगे ही. वो केमिस्ट तो अभी से इधर-उधर देख रहा है." तो हसला. "छुपाऊं किससे, साईं? जब तक है तब तक सब बोल दे, इतना ही मांगता हूं. आओ, दिखाता हूं."

आणि त्यानं खरोखर सगळं दाखवलं. गंधक कमी करायची युक्ती त्या केमिस्टची, पिल्लईची. गरम पाण्याची पिशवी वर्षानुवर्षं मऊ राहायला हवी, हाच त्याचा तिथला धंदा होता. कुकरच्या रिंगेचं दुखणंही तेच आहे हे त्याला आल्या आल्या दिसलं. पण आमचे साहेब थांबले ते प्रेससमोर.

रिंगेचा साचा म्हणजे लोखंडाची जाड गोल तबकडी. तिच्या कडेनं रिंगेची खाच. मधला सगळा भाग नुसतं लोखंड. तो तापतो, दाबला जातो आणि त्यातून काही निघत नाही. आमच्याकडे तसंच होतं, सगळीकडेच तसं होतं. होतूमलच्या साच्यात मोठ्या रिंगेच्या आत छोट्या कुकरची रिंग होती आणि तिच्याही आत नळाचे वॉशर. एकदा प्रेस बंद केला की सगळं एकदम शिजून बाहेर. त्यांची रिंग स्वस्त का, ते कळलं.

"हे कुणाचं डोकं?" साहेबांनी मराठीत विचारलं.

दत्तानं कोपऱ्यात रिंगांच्या कडा कापत बसलेल्या बाईंकडे हात केला. शेवंताबाई. बुवापाड्यात राहणाऱ्या, आधी कॅम्प पाचमध्ये चपलांचे तळवे कापायच्या. रबराच्या शीटवर मोठ्या मापाचे तळवे, मध्ये लहान मुलांचे, उरलेल्या फटीत आणखी काही, असं बसवून कापायचं हे त्यांचं काम होतं.

"मी काय नाय केलं," शेवंताबाई म्हणाल्या. "मी एवढंच बोलले, की मधी पण तापतंय ना, मग ती जागा मोकळी का बसलीय? चपलीच्या शीटात एवढी जागा सोडली असती तर शेटनं मला घरी बसवली असती."

नुसतं विचारून साचा झाला नव्हता. पहिल्या वेळी आतल्या रिंगेत फुगे आले. ते दत्तानं काढले. प्रेस बंद केला की क्षणभर किंचित उघडायचा, कोंडलेली हवा जाऊ द्यायची आणि पुन्हा दाबायचा. ही सवय त्याला आमच्याकडे लागली होती, देवधर साहेबांनी स्वतः लावली होती. साहेबांनी दत्ताला तो प्रेस चालवताना पाहिलं आणि ती हाताची लकब त्यांनी ओळखली. त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी राग आणि काहीतरी वेगळं होतं.

"दत्ता," ते म्हणाले, "हे तू आपल्याकडे का नाही सुचवलंस? तुझं मी ऐकलं नसतं, म्हणून?"

दत्तानं मान हलवली. "तसं नाय साहेब. खरं सांगू? इतकी वर्सं मी तो साचा रोज बघितला. मधली जागा मना कधी रिकामी दिसलीच नाय. ही बाई आली तवा दिसली."

आम्ही परतलो. तक्रार झाली नाही. माझ्या रिपोर्टचं काय झालं तेही मी विचारलं नाही.

या गोष्टीनंतर आमच्या कारखान्याचं सोनं झालं, असं मला सांगता येणार नाही. निम्मी ऑर्डर गेली ती गेलीच. रिंगांची एक पाळी बंद झाली आणि प्रेसवरची दोन माणसं घरी बसली. ती दोघं कुठेच गेली नव्हती, कुणी त्यांना बोलावलंही नव्हतं. माणसं इकडून तिकडे गेली की धंद्यात नवं काही उगवतं हे मी डोळ्यांनी पाहिलं; पण जे हलत नाहीत त्यांच्यावर त्याचा भार पडतो, हेही पाहिलं. त्यातला एक पुढे स्टेशनाबाहेर भाजी विकायला बसायचा. जुन्या ओळखीनं मला हसून नमस्कार करायचा आणि मला त्याच्याकडून भाजी घेताना ताजी का शिळी हे बघवत नसे.

होतूमलकडेही सगळं गोड नव्हतं. पिल्लई खरोखरच गेला, एका मोठ्या कंपनीत. त्यानंतर होतूमलनं कुठूनतरी स्वस्तातलं जुनं रबर आणलं आणि त्याच्या रिंगांना असा वास सुटला, की कॅम्प चारमधल्या घराघरांत वरणाला टायरचा वास यायला लागला. बायका झाकणं घेऊन भांड्यांच्या दुकानांत, दुकानदार शेडवर. त्याच्याकडे कल्पना भरपूर होत्या. माल बाहेर जायच्या आधी तपासणारं कुणी नव्हतं. तो आमच्या गेटवर आला. देवधर साहेबांनी त्याला बसवलं, ऐकून घेतलं आणि मला बोलावून म्हणाले, "सावंत, यांचा माल तपासून द्या. इथून पुढे प्रत्येक लॉट." होतूमल निघाल्यावर साहेब म्हणाले, "त्या रिंगा दत्ताच्या हातच्या आहेत. वास येता कामा नये."

हळूहळू इतर गोष्टीही हलल्या. डब्यांवरच्या आकड्यांशेजारी नावं आली. एकदा साहेबांनी बदलापूरच्या एका केबल कारखान्यात काम केलेला माणूस मुलाखतीला बोलावला आणि त्याला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" शब्द जरा अडखळत बाहेर पडले, पण विचारलं.

नव्वदच्या दशकात बदलापूरला एका नव्या कंपनीतून मला बोलावणं आलं. औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं बनवायची होती. माझ्या वयाला तशी संधी परत आली नसती. राजीनामा घेऊन मी केबिनमध्ये गेलो. साहेब आता थकले होते. त्यांनी कागद वाचला, बाजूला ठेवला.

"तिथं काय करणार?"

मी बुचांचं सांगितलं. ते उठून खिडकीशी गेले.

"मी केली होती बुचं," ते म्हणाले. "तुम्ही यायच्या आधी. वजनाच्या खोलीत, एकटा. सगळं जमलं होतं. फक्त बूच पाण्यात उकळलं की पाणी किंचित गढूळ व्हायचं. औषधात ते चालत नाही. दोन-तीन वर्षं रेसिपी बदलत राहिलो. गंधक बदललं, जस्त बदललं, भट्टी बदलली. शेवटी सोडून दिलं. कुणाला बोललो नाही."

मग त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. काय घातलं, काय काढलं, कशानं पाणी जास्त गढूळ झालं, कशानं कमी. एवढी वर्षं ज्यांनी मला सात नंबरच्या डब्याचं नाव सांगितलं नव्हतं, ते संध्याकाळपर्यंत बोलत होते. मी निघालो तेव्हा म्हणाले, "मी इथपर्यंत आलो होतो. पुढे काय झालं ते मला येऊन सांगा."

बदलापूरला आम्हीही त्याच गढूळ पाण्यात अडकलो. साहेबांच्या सांगण्यामुळे कितीतरी आडवाटा वाचल्या, पण शेवटचा गढूळपणा जाईना. आम्हीही रेसिपीच बदलत होतो. मग आमच्याकडे बर्वे म्हणून एक नवा माणूस आला, देखभाल विभागात. त्यानं एकदा आमचा खटाटोप बघितला आणि सहज विचारलं, "तुम्ही ही बुचं धुता कशी?" आम्ही म्हणालो, गरम पाण्यानं. तो म्हणाला, "नुसत्या पाण्यानं काय निघणार? आधी सोडा, मग सौम्य आम्ल, मग गरम पाणी." करून बघितलं. मात्रा बसवायला काही आठवडे गेले, एक-दोन लॉट वायाही गेले. पण एक दिवस उकळलेलं पाणी काचेच्या भांड्यात निवळशंख दिसलं.

मी साहेबांना सांगायला गेलो. कारखाना तेव्हा मुलगा बघत होता. साहेब घरीच असायचे. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. मी सांगितलं, की पाणी स्वच्छ झालं, आणि उत्तर रेसिपीत नव्हतं, धुण्यात होतं. मला वाटलं, ते आता सोड्याची मात्रा विचारतील, आम्ल कुठलं ते विचारतील. सगळे आकडे मी पाठ करून गेलो होतो.

त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. जरा पुढे वाकले आणि म्हणाले, "हा बर्वे आधी कुठं होता?"

"दुधाच्या डेअरीत," मी म्हणालो. "तिथले पाइप तो तसे धुवायचा."

"डेअरीत!" साहेब म्हणाले, आणि मोठ्यानं हसले. इतके, की वहिनी आतून बाहेर आल्या. मी त्यांच्याकडे नोकरी केली तेवढ्या वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.